आधी आम्ही नाही

ज्या उन्हाळ्यात देशानं वाळवंटात अणुबॉम्ब उडवून पाहिला, त्याच उन्हाळ्यात आमचे काका पेन्शन घेऊन मुंबईहून गावी परत आले, आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही हे आमच्या गावाला आजतागायत कुणी पटवून देऊ शकलेलं नाही. काका म्हणजे माझ्या वडिलांचे, आबांचे, काही महिन्यांनीच धाकटे चुलतभाऊ. जन्मभर अणुखात्याच्या भांडारात नोकरी केलेली. काकू तिकडेच वारल्या, मूलबाळ नव्हतं, त्यामुळे ते एक ट्रंक, एक ट्रान्झिस्टर आणि एक सागवानी खुर्ची घेऊन आमच्याच घरी उतरले आणि पडवीच्या कडेच्या खोलीत राहिले. नोकरीला लागताना त्यांनी गुप्ततेची शपथ घेतली होती, आणि ती त्यांनी नोकरीपेक्षाही मनापासून सांभाळली. भांडारात काय ठेवलेलं असायचं, असं विचारलं की ते छातीवरच्या खिशाला हात लावून म्हणायचे, "सांगता येत नाही." तिकडं कॅन्टीनमध्ये जेवायला काय असायचं? सांगता येत नाही. मुंबईचा पाऊस जास्त का आपला? तेही सांगता येत नाही. आईनं एकदा वैतागून विचारलं, "भावजी, भाजीत मीठ तरी बरं पडलंय का?" तेव्हा मात्र त्यांनी बराच विचार करून मान हलवली.

आमचं गाव पुण्याजवळच्या रिह्याच्या खोऱ्यातलं. आता तिथं ज्याच्या त्याच्या शेतात फार्महाऊस झालंय आणि कुंपणापलीकडे पोहण्याच्या तलावात पुण्याची पोरं ओरडत असतात. तेव्हा मात्र सगळा भात होता, आणि आबांची भाताची गिरणी होती. घराला लागूनच पत्र्याच्या शेडमध्ये ती बसवलेली. दिवसभर पट्ट्याचा फटफट आवाज, भुश्श्याची धूळ, आणि गरम तांदळाचा वास. आम्हा दोघी बहिणींच्या केसांत, अंथरुणात, डाळीच्या डब्यात सगळीकडे तो भुस्सा असायचा. वीज गेली की पट्टा थांबायचा आणि मग एकदम गावातले इतर आवाज ऐकू यायचे, कुणाची तरी शेळी, कुणाचं तरी भांडण, आणि आईचं "गेली का मेली परत!" वीज रोजच जायची. काका आल्यापासून वीज गेली की त्यांची खुर्ची पडवीत यायची आणि गिरणीत खोळंबलेल्या गिऱ्हाइकांना ते देशाचा अणुऊर्जेचा कार्यक्रम समजावून सांगायचे. एवढं सांगायला परवानगी होती, कारण ते पेपरात छापून आलेलं होतं.

कार्यक्रम तीन टप्प्यांचा होता. पहिल्या टप्प्यात युरेनियम जाळायचं. त्याची जी राख उरते ती दुसऱ्या टप्प्याच्या भट्टीत घालायची, आणि ती भट्टी अशी की घातलं त्याहून जास्त जळण बाहेर येतं. मग तिसऱ्या टप्प्यात आपल्याच केरळातल्या वाळूतून वीज, कायमची. आई हे भाकरी थापता थापता ऐकायची. एकदा तिनं आतूनच विचारलं, "भावजी, जळल्यावर जास्त उरतंय अशी चूल खरंच हाय का?" काका म्हणाले, आहे. "मग आदी आमच्या हितं बसवा. सरपण आणून माझी कंबर गेली." काका म्हणाले, त्याला वेळ लागेल. गिऱ्हाइकं विचारायची, "काका, आपल्या गिरणीला अणूची वीज कवा?" काका गंभीरपणे सांगायचे, "तिसऱ्या टप्प्यात." मला आता नातू आहे. पन्नाशी गाठली नाही तरी आमच्याकडे बाई लवकरच आजी होते. माझ्या घराच्या वरच्या खोल्यांत हिंजवडीत कामाला जाणारी चार पोरं भाड्यानं राहतात, रात्रंदिवस एसी लावतात. परवा वीज गेली तेव्हा त्यातला एक जण कंपनीशी इंग्रजीतून भांडत होता. मी त्याला सांगितलं, बाळा, तिसरा टप्पा यायचाय अजून.

तर त्या उन्हाळ्यात आमच्याच घरातल्या टीव्हीवर बॉम्बची बातमी आली. खिडकीत, दारात, अंगणात माणसंच माणसं. बातमी संपली आणि सगळ्यांनी एकाच वेळी मान वळवून काकांकडे पाहिलं. काकांनी सवयीनं छातीवरच्या खिशाला हात लावला. कुणीतरी विचारलं, "काका, तुमचा हात व्हता का ह्यात?" आणि काकांनी तेच उत्तर दिलं जे ते कॅन्टीनच्या जेवणाबद्दल द्यायचे. झालं. दुसऱ्या दिवशी देवळासमोर त्यांना शाल, नारळ आणि फेटा. शाळेतल्या पोरांनी "अणूकाका झिंदाबाद" म्हटलं. काका स्टेजवर उभे राहिले आणि म्हणाले, "मी काहीच केलेलं नाही." लोकांनी किती टाळ्या वाजवल्या! त्यांचा विनय बघून म्हाताऱ्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मला वाटतं, त्या दिवसापासून काकांनाही आपला त्यात हात होता असं थोडं थोडं वाटायला लागलं असावं.

आता उखळीचं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं काही समजायचं नाही. आमच्या गावात वरची आळी आणि खालची आळी, मधे भैरवनाथाचं देऊळ. चैत्रात जत्रा. प्रत्येक आळीची एक उखळी, म्हणजे खालून बंद असलेली लोखंडाची नळी. तिच्यात दारू ठासायची, वर विटेचा चुरा कुटायचा, बाजूच्या भोकात वात घालायची आणि पेटवून पळायचं. जत्रेच्या दुपारी गुरवाची घंटा झाली की ज्या आळीचा बार आधी उडेल तिला पालखीचा उजवा खांदा. बार उडाल्याशिवाय पालखी उचलायची नाही. पालखी दारावरून गेल्याशिवाय घरात नैवेद्य नाही, आणि नैवेद्याशिवाय कुणी पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. असं पिढ्यान्‌पिढ्या. बार आधी कुणाचा उडाला यावरून दर वर्षी डोकी फुटायची, आणि मग फुटकी डोकी घेऊन सगळे शेजारी बसून पुरणपोळी खायचे.

काकांचा सत्कार झाल्यावर वरच्या आळीची माणसं आमच्या पडवीत जमली. एवढा मोठा माणूस आपल्या आळीत आहे तर खालच्यांना कायमचा धडा शिकवायचा, असा विचार. खालच्या आळीचे पुढारी होते हवालदार, म्हणजे लष्करातून निवृत्त झालेले एक ताठ गृहस्थ. त्यांचं खरं नाव त्यांच्या बायकोलाही आठवावं लागायचं. काकांनी आधी नाही म्हटलं, मग नुसतं मार्गदर्शन करायचं कबूल केलं. ते म्हणाले, "शस्त्र वापरायला नसतं. शस्त्र असायला असतं. त्यांना कळलं पाहिजे की आपल्याकडे आहे. कमीत कमी, पण खात्रीचं." ही कमीत कमी उखळी बोअरच्या लोखंडी पाइपातून कापून, पिरंगुटला वेल्डिंग करून, टेम्पोतून आणली तेव्हा ती माझ्या कमरेला लागत होती. तिच्यावर काकांनी पांढऱ्या रंगानं स्वतःच्या हातानं लिहिलं, "शांततेसाठी". आठवड्यात खालच्या आळीची आली. ती माझ्या छातीला लागत होती आणि तिच्यावर लिहिलं होतं, "शांततेसाठीच".

दिवाळीत आमच्या आळीनं ओढ्यापलीकडे चाचणी घेतली. हवालदारांच्या घराची कौलं सरकली, आणि त्यांची म्हैस दावं तोडून जी गेली ती भुकूमला सापडली. तिसऱ्या दिवशी खालच्यांनी चाचणी घेतली. आमच्या गिरणीच्या शेडचा एक पत्रा सुटला आणि आईचे लोणच्याचे बरणीभर कष्ट जमिनीवर आले. त्या दिवशी आईनं काकांना जेवायला वाढलं, पण ताटात लोणचं नव्हतं. काका म्हणाले, "वहिनी, आता समतोल झाला. आता काही होणार नाही." आणि खरंच झालं नाही. दोन्हीकडची माणसं मनातून घाबरली होती. काका आणि हवालदार पारावर बसले, चहा झाला, आणि दोघांनी देवासमोर भंडारा उचलून जाहीर केलं. यापुढे चाचणी नाही. आणि बार आम्ही आधी उडवणार नाही. समोरच्यानं उडवला तर मात्र असा उडवू की त्याच्या घरावर कौल राहायचं नाही. काका म्हणाले, आधी आम्ही नाही. हवालदार म्हणाले, आदी आमी बी न्हाई. लोकांनी गुलाल उधळला. आबांनी वरच्या आळीच्या वतीनं शब्द दिला, कारण आळीचे कारभारी तेच होते. एवढ्या मोठ्या गर्दीत एकालाही सुचलं नाही की जत्रेला कुणीतरी आधी उडवावा लागतो.

माझी थोरली बहीण सुमन तेव्हा वीस वर्षांची होती. दहावीनंतर तिची शाळा सोडवली होती. गिरणीचा हिशेब, गिऱ्हाइकं, पट्टा बदलणं, सगळं ती करायची. तिला दोन ठिकाणांहून नकार आला होता, एका ठिकाणी आवाज मोठा म्हणून. आता गिरणीत वाढलेल्या पोरीचा आवाज मोठा नसेल तर काय होईल? मग कासारसाईचं स्थळ आलं. मुलगा प्रकाश, पिंपरीकडे कंपनीत कामाला. बघायला आले तेव्हा नेमकी वीज आली, पट्टा सुरू झाला, आणि त्यानं काय विचारलं ते कुणालाच ऐकू गेलं नाही. सुमननं ओरडून "काय?" म्हटलं आणि तो हसला. नंतर भात निवडताना ती मला म्हणाली, "मंदे, ह्यो हसतो गं." एवढंच. पण ती दिवसभर सूप हातात घेऊन नुसती बसली होती, आणि मला कळलं की हे स्थळ मोडलं तर ती पुन्हा कुणासमोर पोह्यांची बशी घेऊन यायची नाही. ठरलं असं की जत्रेला पाहुण्यांना बोलवायचं, पालखी झाल्यावर जेवण आणि जेवणानंतर पाच माणसांत सुपारी फोडायची.

जत्रेच्या दिवशी आई पहाटेच उठली होती. पुरण शिजायचा वास, जायफळाचा वास, कटाच्या आमटीची फोडणी, कुरडया तळल्याचा चर्र आवाज. मी पाट्यावर पुरण वाटत होते. उपास, त्यामुळे बोट चाटायचीही चोरी. सुमननं आंबा रंगाची नवी साडी नेसली होती. कासारसाईची मंडळी जीपमधून आली. प्रकाश, त्याचे वडील नाना, आणखी तिघेचौघे. नाना मोठे कडक गृहस्थ. त्यांना साखरेचा आजार होता, सकाळची गोळी घेतलेली होती. आईनं हळूच दूध पुढे केलं तर म्हणाले, "देवाचं झाल्याबिगर न्हाई. आमी बी जत्रावालं हाय." उन्हं कलायच्या आत पालखी निघते, हे त्यांना माहीत होतं.

दुपारी सगळं गाव देवळापुढच्या मैदानात. एका टोकाला आमची उखळी, दारू ठासून तयार. दुसऱ्या टोकाला त्यांची, आणि तिच्या शेजारी खुर्ची टाकून हवालदार. मधे पालखी सजवलेली, धोंडीबा गुरव हातात पेटती दिवटी घेऊन उभा. त्यानं घंटा वाजवली. हलगी थांबली. आमची माणसं त्यांच्याकडे बघायला लागली, त्यांची आमच्याकडे. कुठं काही नाही. धोंडीबानं पुन्हा घंटा वाजवली. मग त्याला वाटलं आपलीच घंटा नीट वाजली नसेल, म्हणून तिसऱ्यांदा जोरात वाजवली. एक लहान मूल रडायला लागलं. तेव्हा हळूहळू, वरच्या आळीपासून खालच्या आळीपर्यंत, लोकांच्या तोंडावर ते उमटत गेलं.

बोलणी पारावर सुरू झाली. धोंडीबा म्हणाला, "एकानं उडवा बाबांनो, देव खोळंबलाय." आबा म्हणाले, "आमी शब्द दिलाय." हवालदार म्हणाले, "आमी काय शेण दिलंय?" मग काकांनी तोडगा काढला. दोन्ही आळ्यांनी एकदम उडवायचा, तीन म्हणताच. यावर बराच खल झाला आणि असं दिसून आलं की तीन म्हटल्यावर प्रत्येक जण समोरच्याचा बार ऐकू येईपर्यंत थांबणार. काकांनी दुसरा तोडगा काढला. याला वापर म्हणायचंच नाही. ही चाचणी समजायची. हवालदार म्हणाले, "चाचणी बी बंद केलीय की. तुमीच जाहीर केलंत." मग काका म्हणाले, हा स्फोट शांततेच्या कामासाठी आहे, देव बाहेर काढण्यासाठी. हवालदारांनी दोन्ही उखळ्यांकडे हात केला आणि विचारलं, "मग ह्यांच्यावर काय ल्हिलंय? तेच की. आन् शब्द ह्यांचाच दिलाय." खरं सांगायचं तर त्या दुपारी काका मला फार थकलेले दिसले. माझा त्यांच्यावर जीव होता. आयुष्यभर ज्या गोष्टीच्या फक्त दारात बसले, ती पहिल्यांदाच त्यांच्या हाती आली होती, आणि ती आता त्यांना सोडवत नव्हती.

ऊन उतरलं. घराघरांत पुरण विटायला आलं. बायका एकमेकींना हळू आवाजात काय काय म्हणत होत्या ते मी लिहीत नाही. आमच्या पडवीत नानांना घाम फुटला. हात थरथरायला लागले. आईनं गुळाचा खडा त्यांच्या ओठाशी नेला तर त्यांनी मान फिरवली. प्रकाश म्हणाला, "नाना, खावा की, काय होतंय?" नाना म्हणाले, "देवाच्या गावात देवाआदी खाऊ? आन् तुमी लोकांनी मला हितं मारायला बोलावलंय का?" आई पळत मैदानात आली, आबांना बाजूला घेऊन म्हणाली, "अहो, उठा आन् वात लावा. पाव्हणं उपाशी मरत्यात. उद्या कोण दारात यील आपल्या?" आबा पारावर बसलेले होते. त्यांच्या हातात आगपेटी होती, मी बघितली. त्यांनी उखळीकडे बघितलं, मग आळीच्या माणसांकडे, मग काकांकडे. काका म्हणाले, "दादा, शब्द मोडला तर परत कुणी आपला शब्द धरायचा नाही." आणि आबा उठले नाहीत. आगपेटी हातात तशीच ठेवून ते बसून राहिले. इतक्यात जीप सुरू झाल्याचा आवाज आला. नानांना उचलून आत बसवत होते. प्रकाश हसत नव्हता.

सुमन घरातून बाहेर आली. मला वाटलं ती जीपकडे जाईल, हात जोडेल, रडेल. ती जीपकडे गेलीच नाही. मैदानात आली, सरळ धोंडीबाच्या हातातली दिवटी घेतली. धोंडीबा "अगं, अगं" करत राहिला. आमच्या आळीतल्या पोरांना वाटलं ती आपल्या उखळीकडे निघालीय, ते आडवे व्हायला धावले. पण ती उलट्या बाजूला चालत गेली, खालच्या आळीच्या टोकाला, आणि हवालदारांपुढे उभी राहिली.

"हवालदारकाका, जरा बाजूला व्हा."

"का गं पोरी?"

"तुमची उखळी उडवायचीय."

"येडी का काय तू? आमी उडवणार न्हाई म्हणून भंडारा उचललाय."

"तुमी उडवू नका. मी उडवते."

"आगं, पर तू तर वरच्या आळीची!"

"वरच्या आळीनं त्यांची उखळी न उडवायचा शब्द दिलाय. ही त्यांची कुटंय? आन् तुमी तुमच्या हातानं न उडवायचा दिलाय. हात तुमचा न्हाई." तिचा आवाज चालू गिरणीतही ऐकू जायचा, इथं तर सगळं गाव गप्प होतं. "आन् मी कुटली वरच्या आळीची? लहानपणापास्नं ऐकतीया, पोरगी परक्याची. शाळा सोडवली तवा म्हणलात परक्याची. गिरणी शिकले तवा म्हणलात, काय उपेग, परक्याची. मग आज मी न्हाई त्यांची आन् न्हाई तुमची. असं एकच माणूस हाय हितं. सरका."

हवालदारांनी आयुष्यभर हुकूम ऐकले होते. या हुकुमाला उत्तर कुठल्या नियमात आहे ते ते मनात शोधत असावेत, आणि त्यांना सापडलं नाही. ते उठले, खुर्ची उचलली, चार पावलं मागे गेले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "कान झाका रे सगळ्यांनी!" सुमननं वातीला दिवटी लावली. पळायचं असतं हे तिला माहीत नव्हतं, की माहीत असून ती पळाली नाही, ते मी तिला कधी विचारलं नाही. ती नुसती वळून चालायला लागली. ती मैदानाच्या मध्याला पोचली असेल तेव्हा बार उडाला. अजूनही कधी आभाळ गडगडलं तर माझे दात आपोआप मिटतात. देवळाचे पारवे उडाले. हवालदारांची कौलं पुन्हा सरकली. ओढ्याच्या पुलावर जीप थांबली.

आमच्या आळीची पोरं लगेच आमच्या उखळीकडे धावली. दुसऱ्यांनी उडवला की आपण उडवायचा, असं ठरलेलंच होतं. काकांनी हात आडवा केला. पोरं ओरडली, "आता का थांबवताय? झाला की पयला बार!" काका म्हणाले, "झाला. पण त्यांच्या उखळीनं झाला, आणि केला आपल्या पोरीनं. उत्तर द्यायचं ते कुणाला?" पोरांनी विचारलं, "कुणाला?" काकांनी खिशाला हात लावला आणि काही म्हणायच्या आधीच ते खाली बसले. मग आमच्या गावात कधी न घडलेली गोष्ट घडली. उजवा खांदा कुणी घेईना. घेतला तर आधी आम्हीच उडवला असं कबूल केल्यासारखं होतं. आबा म्हणाले, "मान खालच्या आळीचा. उखळी त्यांची." हवालदार म्हणाले, "छ्या, छ्या. मान तुमचा. पोरगी तुमची." वरून खाली, खालून वर, नुसता आग्रह. शेवटी पुलावरून पळत आलेला प्रकाश, ज्याला यातलं ओ की ठो माहीत नव्हतं, त्यानं रिकामा दांडा बघितला आणि खांदा दिला. पालखी हलली. तो धापा टाकत हसत होता. सुमन देवळाच्या पायरीवर बसली होती, नव्या साडीवर काळे डाग पडले होते.

नाना जेवले. प्रकाशच्या हातून आधी गूळ, मग आईच्या हातची पोळी, दुधात कुस्करून. तोंडावर रंग आल्यावर त्यांनी विचारलं, "बार उडवला कुनी शेवटी?" आबा घाईघाईनं म्हणाले, खालच्या आळीनं. दारात उभे असलेले हवालदार म्हणाले, वरच्या आळीनं. सुमन वाढत होती. ती म्हणाली, "मी उडवला." नानांनी घास संपवला, पाणी प्यायले, आणि म्हणाले, "आमच्या घरात बी येळेवर जेवायची सवय हाय." सुपारी फुटली. सुमन आज कासारसाईला आहे, तिची स्वतःची पिठाची गिरणी आहे आणि तिच्यापुढे प्रकाशचं अजून काही चालत नाही. त्या उखळ्या पुढे कधी उडाल्या नाहीत. आता जत्रेला डीजे असतो, आणि आमची उखळी एका फार्महाऊसवाल्यानं मागून नेली. तिच्यात त्यानं बोगनवेल लावलीय.

पाहुणे गेल्यावर, दिवेलागणीला, आम्ही घरचीच माणसं जेवायला बसलो. काका खोलीतून आलेच नाहीत, त्यांचं ताट आईनं आत नेऊन दिलं. गिरणी बंद होती, बाहेर हलगी वाजत होती. आबांनी पहिला घास घेतला आणि ताटाकडे बघतच म्हणाले, "सुमे, तू परकी न्हाईस गं. असं सगळ्या गावासमोर कशापायी बोललीस?"

सुमन पोळी मोडत होती. ती न थांबता म्हणाली, "मग दुपारी का उठला न्हाईत, आबा?"

आबांनी ताट पुढं सारलं आणि ते मोठ्यानं रडायला लागले. मी आबांना रडताना त्याआधी कधी बघितलं नव्हतं. आईनं सुमनकडे बघितलं, मीही बघितलं. एरवी आबांच्या ताटात मीठ कमी पडलं तरी पहिली तीच धावायची. ती जागची उठली नाही.